बॉनेटखालच्या अनोळखी नळ्या

आपल्या बाबांच्या पिढीला ‘फियाट’ एवढा एकच शब्द पुरतो. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये फियाट ११०० डिलाईट बनू लागली. पुढे तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण हौशी मालकांनी ती अजून जपली आहे.

कोंडाण्याला एका काकांकडे अशीच एक पद्मिनी आहे. त्यांना ती घेऊन बोरघाट चढायचा होता, लेकीकडे पुण्याला. अडचण एकच! बॉनेट उघडलं की पाच-सहा नळ्या अशा, की त्या कशाच्या हे कुणालाच सांगता येईना. एका रविवारी आम्ही तिघं मेकॅनिकलवाले तिकडे गेलो. तिथे जे कळलं ते इथे सांगतोय.

पहिला नियम : नळीचा रंग बघू नका, तिची दोन टोकं शोधा. चाळीस वर्षांत नळ्या बदलतात, रंग बदलतात. पण ती कुठून निघते आणि कुठे जाते, यावरून आत काय वाहतं ते कळतं. हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

आता कोणती नळी कशाची ते बघू.

पाणी : सगळ्यात जाड नळ्या. वरची इंजिनच्या हेडकडून रेडिएटरला गरम पाणी नेते, खालची थंड झालेलं पाणी वॉटर पंपाकडे आणते. दाबून बघा : फुगलेली, भेगा पडलेली किंवा लिबलिबीत झाली असेल तर बदला.

पेट्रोल : टाकी मागे, म्हणून ही मागून येते, पंपात जाते आणि तिथून कार्बोरेटरला. इथे पाण्याची साधी प्लास्टिक नळी कधीच चालत नाही. पेट्रोलने ती खराब होते, आणि गळती गरम एक्झॉस्टवर पडली तर आग लागते.

व्हॅक्यूम : इनटेक मॅनिफोल्ड किंवा कार्बोरेटरपासून निघते. इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर ही काम करते. आत काही वाहताना दिसत नाही, म्हणून लोक हिला बिनकामाची समजतात. पण ही फाटली की जास्तीची हवा आत शिरते आणि गाडी आयडलिंगला थरथरते. जवळ कान नेला तर ‘सूं’ असा आवाज येतो.

ब्रीदर : इंजिनच्या पोटातली वाफ आणि वायू एअर फिल्टरकडे नेणारी, आतून तेलकट. ही चोंदली तर आत दाब वाढतो आणि ऑईल सीलमधून तेल बाहेर येतं.

एवढं झाल्यावरही दोन नळ्या उरल्या. हेडकडून एक निघालेली, वॉटर पंपाकडे एक परतणारी, मध्ये पाईपचा तुकडा घालून एकमेकींना जोडलेल्या. मॅन्युअलमध्ये त्यांचा पत्ताच नाही! उत्तर सापडलं डिकीत. तिथे सिलिंडर बसवायच्या पट्ट्या होत्या, म्हणजे गाडीला कधीतरी सीएनजी किट होतं. सिलिंडरमधला सुमारे २०० बार दाबाचा गॅस रिड्यूसरमध्ये एकदम प्रसरण पावतो आणि थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम पाणी फिरवतात. किट गेलं, नळ्या राहिल्या. जोडावरचं रबर चिरलं होतं. घाटात पाणी तापून दाब वाढला असता, तर ते तिथेच फुटलं असतं! काकांच्या मेकॅनिकने दोन्ही काढून गरम पाण्याची एकच अखंड नळी टाकली.

म्हणून, फॅक्टरीने न दिलेली नळी दिसली तर ‘ही जास्तीची’ म्हणून लगेच उपटू नका. गाडीला मागून काय बसवलं होतं ते आधी विचारा. काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढा, दोन्ही टोकांना सारख्याच नंबरची चिकटपट्टी लावा आणि एका वेळी एकच नळी सोडा. नवीन घेताना जुना तुकडा दुकानात न्या, आतला व्यास जुळला पाहिजे. ती कशासाठी हवी आहे तेही सांगा. पाण्याची आणि पेट्रोलची नळी वेगळी असते.

थर्मल आणि फ्लुइडच्या पेपरात आपण बाणांच्या आकृत्या काढतोच की. जुन्या गाडीत ते बाण कुणी काढून ठेवलेले नसतात, आपल्यालाच काढावे लागतात. होस्टेलच्या पार्किंगमधल्या कार्बोरेटरवाल्या बाईकवर सुरुवात करून बघा!