नाताळची गाणी : केव्हापासून?

अमेरिकेत दरवर्षी ऑक्टोबर सरता सरता एक वाद हटकून उपस्थित होतो. नाताळची गाणी नभोवाणीने कोणत्या तारखेपासून लावावीत, हा तो वाद. प्रथमदर्शनी तो पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु तेथील शेकडो केंद्रे या मोसमात आपला नेहमीचा कार्यक्रम गुंडाळून ठेवतात आणि २५ डिसेंबरपर्यंत अहोरात्र नाताळगीतांखेरीज दुसरे काही लावीत नाहीत, हे कळले म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानी येते. पूर्वी यासाठी ‘थँक्सगिव्हिंग’ हा नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारचा सण उरकेपर्यंत थांबण्याची रीत होती. आता त्या महिन्याचा पहिला पंधरवडाही पुष्कळांना धीर धरवत नाही.

याच सुमारास बहुधा आपली दिवाळी येते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. न्यू जर्सी-शिकागोकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांत चकलीचे पीठ मळून होण्याच्या आतच मोटारीतील रेडिओ घुंगरांच्या बर्फगाडीची गाणी म्हणू लागतो. त्यांच्या मुलांना एका सणाचा सूर घराबाहेर दोन महिने ऐकू येतो आणि दुसऱ्याचा केवळ घरात, तोही आईवडिलांनी आठवणीने लावला तर.

ही घाई का, याचे उत्तर भक्तीत नव्हे, मोजमापात आहे. कोणते केंद्र किती ऐकले जाते, हे पूर्वी निवडक श्रोत्यांनी वहीत लिहून कळवावयाचे असे. २००७ पासून तेथील मोठ्या शहरांत एक चिमुकले यंत्र त्या श्रोत्यांच्या अंगावर दिले जाऊ लागले. ध्वनिक्षेपणात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण ते टिपते. अर्थात मनुष्य ऐकतो आहे की नुसते त्याच्या कानावर पडते आहे, हा भेद त्या यंत्रास कळत नाही. दुकानात, दंतवैद्याच्या दिवाणखान्यात, कचेरीत जे दिवसभर मंद वाजत असते, तेही हिशेबात जमा होते; आणि कोणाचीही विशेष हरकत नसलेले, आजीपासून नातवापर्यंत सर्वांस परिचित असे संगीत नाताळचेच. श्रोते वाढले की जाहिराती वाढतात. दुकानाच्या गल्ल्यावर आठ आठ तास उभ्या राहणाऱ्या नोकरांना तीच पंधरा-वीस गाणी किती वेळा सोसावी लागतात, याची नोंद मात्र कोणतेही यंत्र घेत नाही.

या गाण्यांचे मूळ बळ कशात होते, हे ‘व्हाइट ख्रिसमस’च्या इतिहासावरून कळते. ते रचणारे अर्व्हिंग बर्लिन रशियात जन्मलेले ज्यू निर्वासित. बिंग क्रॉस्बी यांनी ते २५ डिसेंबर १९४१ रोजी नभोवाणीवर गाइले, तेव्हा पर्ल हार्बरवरील हल्ल्यास तीन आठवडेही झाले नव्हते. पुढील वर्षी समुद्रापार गेलेल्या सैनिकांनी त्याच गाण्याची मागणी करून लष्करी नभोवाणीस जेरीस आणले. ते गाणे घरापासून दूर असलेल्या माणसाचे आहे. ज्याला घर समोर आहे त्यापेक्षा ज्याला नाही त्याला ते अधिक लागते. (आम्हां परप्रांतस्थांना हे निराळे सांगावयास नको.) एप्रिल १९७५ मध्ये सायगाव सोडून जाण्याची वेळ आली, तेव्हा अमेरिकनांसाठी ठरविलेला संकेत असा होता : सैन्याच्या नभोवाणीने तापमान १०५ अंश असून चढते आहे असे सांगावयाचे आणि पाठोपाठ हेच गाणे लावावयाचे. ऐन उन्हाळ्यात नाताळचे गाणे ऐकून कोणाचेही कान टवकारतील, हा त्यामागील हिशेब. जे गाणे बाराही महिने कानी पडते, त्याचा असा संकेत होऊच शकत नाही.

आपल्याकडे कलकत्त्याच्या आकाशवाणीने ही गोष्ट फार लवकर ओळखली. ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम १९३० च्या दशकापासून महालयेच्या पहाटे चार वाजता, वर्षातून एकदाच लागत आला. १९७६ साली बीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या आवाजाऐवजी उत्तमकुमार यांचा आवाज घेऊन नवा कार्यक्रम केला, तर बंगाल्यांनी असा गहजब केला की केंद्राला जुन्याकडे परत वळावे लागले. त्याचे ध्वनिमुद्रण आज हवे तेव्हा मिळते, तरी त्या पहाटेची ओढ ओसरलेली नाही. पुण्याच्या ‘गीतरामायणा’चेही तसेच. १९५५ च्या रामनवमीस पहिले गीत लागले आणि मग आठवड्यास एक, अधिक मास धरून ५६ गीते. माडगूळकर-फडके यांची प्रतिभा थोर, यात शंका नाही. पण एका गाण्यापासून दुसऱ्यापर्यंतचे सात दिवसही त्या कार्यक्रमाचे घटक होते, असे आमचे मत आहे.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतील अनेक केंद्रांनी नाताळगीते त्या वर्षी नेहमीपेक्षा आधी सुरू केली, आणि महामारीच्या २०२० सालीही तसेच घडले. भेदरलेल्या, घरात कोंडल्या गेलेल्या माणसांना ती हवी होती. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला नोव्हेंबरच्या तिसऱ्या तारखेस ते सूर ऐकून बरे वाटत असेल, तर पंचांग दाखवून तिचा रेडिओ बंद करावयास आम्ही जाणार नाही. मात्र आपत्तीच्या वर्षी दिलेली सवलत दरवर्षीचा हक्क होऊन बसावी, हे आम्हांस मान्य नाही.

आमच्या मते थँक्सगिव्हिंगनंतर नित्याच्या गाण्यांत तासाला एखादे नाताळगीत असावे आणि केवळ तीच गाणी लावण्याचा प्रघात अखेरच्या आठवड्यापुरता ठेवावा. गोव्यात आम्ही ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त आणि ८ तारखेचे पणजीचे फेस्त झाल्यावर शेजारच्या पडवीत तारा चढताना पाहतो. नेवऱ्या आणि दोदोलीचे ताट आमच्या घरी येते ते नाताळलाच, महिनाभर आधी नव्हे.

आणखी एक. सुरुवातीच्या तारखेवर एवढे रण माजते, पण शेवटच्या तारखेविषयी फारसे कोणी बोलत नाही. ख्रिस्ती परंपरेप्रमाणे नाताळपूर्वीचे चार रविवार प्रतीक्षेचे, आणि सणाचे बारा दिवस २५ डिसेंबरपासून पुढे मोजावयाचे. रेइश मागुश, चांदर आणि कासावली येथे ६ जानेवारीस तीन राजांचे फेस्त थाटाने होते. अमेरिकेतील बहुतेक केंद्रे मात्र २६ डिसेंबर उजाडताच नेहमीच्या गाण्यांकडे वळलेली असतात. सुरुवातीचे सहा आठवडे कमी करून त्यांनी हे बारा दिवस जोडून घेतले, तर नाताळची गाणी निदान नाताळात तरी ऐकू येतील.