बारीक तार काय काय करते

आजचा विषय आहे बारीक तार. विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने विचारले, ‘सर, तारेवरची कसरत म्हणायचं आहे का तुम्हाला?’ आम्ही म्हटले, नाही बाप्पा, कसरत नाही, नुसती तार. (हशा) आयुष्यभर आम्ही वर्गात कार्यकारणभाव शिकवला. घट, माती, कुंभार. उपादान कारण, निमित्त कारण. तारेचे उदाहरणही देत असू, आणि ते चुकीचे देत असू. ती चूक सांगण्यासाठीच आज उभे आहोत. पण त्याआधी तार नीट समजून घेऊ.

सोनाराकडे जंतर नावाची पोलादी पट्टी असते. तिच्यात ओळीने भोके, प्रत्येक भोक आधीच्याहून थोडे लहान. सोन्याची कांडी टोकाला निमुळती करून भोकात घालायची आणि पलीकडून पक्कडीने ओढायची. मग पुढचे भोक, मग त्याच्या पुढचे. ढकलून तार होत नाही, ओढावीच लागते. कारखान्यातही तत्त्व हेच, फक्त ओढायला मोटार आणि भोके फार कठीण पदार्थाची, अगदी बारीक तारेसाठी तर हिऱ्याची. ओढता ओढता तार कडक होत जाते, म्हणून मधूनमधून तिला ताव देऊन मऊ करावे लागते, नाहीतर तुटते.

इथे एक गणित आहे आणि ते सगळ्या व्याख्यानभर लागणार आहे. तारेचा व्यास निम्मा केला की लांबी चौपट होते. एक किलो तांब्याची एक मिलिमीटर जाडीची तार काढली तर ती सुमारे १४० मीटर भरेल. तेच तांबे ०.१ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे केसापेक्षा किंचित जाड ओढले, तर १४ किलोमीटर! धातू तोच, वजन तेच. बदलला फक्त आकार, आणि आकाराबरोबर स्वभाव. जाड सळई वाकत नाही, बारीक तार गुंडाळता येते. घरातल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीचे वरचे प्लास्टिक सोलून पाहा. आत ०.३ मिलिमीटरच्या बावीस तारा निघतील. एकच जाड तार का नाही? कारण वाकवताना जाड तारेच्या बाहेरच्या बाजूला जास्त ताण बसतो आणि ती दहा-वीस वाकवण्यांत मोडते. बारीक तारांची जुडी हजारदा वाकते. इस्त्रीची दोरी वर्षानुवर्षे टिकते ती ह्याच कारणाने.

गाण्यातही हेच. ताण आणि लांबी तेवढीच ठेवून तारेची जाडी निम्मी केली, तर स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. मिरजेचे सतार-तंबोरे बनवणारे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे लोक. धातूशी त्यांची जुनी ओळख, तिचा उपयोग एकोणिसाव्या शतकात वाद्यांना झाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची, जोडीच्या पोलादी. पण आम्हाला त्यातले सर्वांत आवडणारे वेगळेच आहे. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुताचा धागा सरकवतात आणि मग तंबोरा बोलतो. त्या धाग्याचे नाव ‘जीव’. हे नाव ज्याने ठेवले, त्याला आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी न विचारता दिली असती.

वैद्यकाबद्दल थोडक्यात. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड कापतात आणि शेवटी पोलादी तारांनी पुन्हा बांधतात. तशा तारा आमच्याही छातीत आहेत. एक्स-रेमध्ये सुतळीने पोते शिवल्यासारख्या दिसतात. अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीतून पुढे सरकवतात ती मार्गदर्शक तार साधारण ०.३६ मिलिमीटरची असते. आमच्या यवतमाळात कापसाशिवाय बोलणे पुरे होत नाही, तेव्हा हेही सांगतो की सूतगिरणीत कापूस पिंजणाऱ्या यंत्राच्या रुळावर असंख्य बारीक तारेचे दात असतात. आपल्या अंगावरचा प्रत्येक सुती सदरा त्या दातांखालून आलेला आहे.

आता विजेकडे येऊ. खरा मुद्दा तिथे आहे.

तार जितकी बारीक, तितका तिचा विजेला विरोध जास्त. व्यास निम्मा केला की त्याच लांबीच्या तारेचा रोध चौपट. आणि रोध म्हणजे उष्णता. जुन्या दिव्यात टंगस्टनची केसापेक्षाही बारीक तार पांढरी होईपर्यंत तापवत असत. टंगस्टन ३४०० अंशांच्या वर वितळते म्हणून तिला ते झेपायचे. फ्यूजमध्ये उलटा विचार आहे. तिथे तार लवकर वितळावी हीच अपेक्षा. पांढऱ्या चिनी मातीच्या त्या जोडीला आपल्याकडे ‘किटकॅट’ म्हणतात, तिच्यातली पाच ॲम्पिअरची कल्हईची तांब्याची तार असते ०.२ मिलिमीटर, पंधरा ॲम्पिअरची ०.५. सगळ्या वायरिंगमध्ये मुद्दाम ठेवलेली एक दुबळी जागा. दुबळेपणा हाच तिचा गुण.

आता लोक काय करतात? फ्यूज सारखा उडतो म्हणून दोन-तीन पदर घालतात. गावच्या डीपीवर तर ॲल्युमिनियमची जाड तार पिळून टाकतात. मग फ्यूज उडत नाही, डीपी उडते. आणि ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी सगळे गाव ट्रान्सफॉर्मर बदलून यायची वाट पाहत बसते. विहिरीवरच्या मोटारीचेही तसेच. दाब कमी असला की मोटार प्रवाह जास्त ओढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. आतल्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो, तो जळतो, तारेला तार लागते. ‘मोटार जळली’ म्हणतो तेव्हा बहुधा एवढेच जळलेले असते. रिवाइंडिंगवाल्याने वेढे मोजून, त्याच गेजची तार भरली तर मोटार पुन्हा उभी राहते. तांबे वाचवायला बारीक भरली, तर पुढच्या उन्हाळ्यात मोटार परत त्याच्याच दुकानात.

हे सगळे आम्ही वर्गात सांगत असू, आणि शेवटी एक वाक्य ठोकून देत असू. ‘पाहा, ही तार स्वतः जळते आणि माणसाला वाचवते.’ वाक्य छान वाटायचे. पोरे वहीत उतरवायची. आम्हालाही ते आवडायचे, हे कबूल केले पाहिजे.

वाक्य चूक आहे.

आपल्या जिल्ह्यात रात्रीची जागल काय असते हे इथल्या लोकांना सांगायला नको. रानडुक्कर आणि रोही एका रात्रीत एकराचे पीक झोपवतात. त्यात वाघाची भीती. २०१८ च्या नोव्हेंबरात टी-१ वाघीण मारली जाईपर्यंत राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात रात्री शेतात जायची छाती होत नव्हती. मग माणूस धुऱ्यावर खुंट्या ठोकतो, बारीक तार ओढतो आणि रात्री तिच्यात मोटारीच्या पेटीतून वीज सोडतो. वेदान्तात दोर पाहून साप समजल्याचे उदाहरण आहे. इथे उलटे. अंधारात पडलेला साप दोरासारखाच दिसतो, आणि दिवसा तर तो खरेच दोर असतो.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी अशी तार लावली होती. माणूस बेफिकीर नव्हता. मुलाने सांगितले होते म्हणून पेटीत मुद्दाम सर्वांत बारीक, पाच ॲम्पिअरची फ्यूजतार घातली होती, की कोणी अडकलेच तर तार जळेल आणि वाचवेल. पहाटे स्वतःच बटण बंद करायचे विसरून धुऱ्यावर गेले. पाऊस होऊन गेला होता. आम्ही गेलो तेव्हा ती फ्यूजतार पेटीत शाबूत होती. तिथे आलेला एक वायरमन आम्हाला म्हणाला, ‘फ्यूज वायरिंगसाठी असते जी सर, माणसासाठी नाई.’ त्या मुलाने आमच्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही.

हिशेब करून पाहा. ओल्या अंगाचा, ओल्या जमिनीवरचा रोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून जाणारा प्रवाह होतो पाव ॲम्पिअरच्या आत. फ्यूजला वितळायला हवेत पाच ॲम्पिअरपेक्षा जास्त. आणि माणसाला? दहा मिलिअॅम्पिअरच्या आसपास स्नायू आखडतात, हात सुटत नाही. छातीतून पन्नास-शंभर मिलिअॅम्पिअर गेले तर हृदयाची लय बिघडते. पन्नास मिलिअॅम्पिअर म्हणजे पाच ॲम्पिअरचा शंभरावा भाग! तारेच्या दृष्टीने काही घडलेलेच नसते. फ्यूज जळतो तो वायर आणि घर वाचवायला. माणूस त्याला दिसतच नाही.

झटका मशीनचे वेगळे का, हेही लोक विचारतात. कारण तिथे तर हजारो व्होल्ट असतात. फरक व्होल्टचा नाही, वेळेचा आहे. झटका मशीन सेकंदाला साधारण एक टोला देते आणि तो टोला सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी टिकतो. त्यातली एकूण ऊर्जा बांधून दिलेली असते. जनावर दचकते, मागे सरते. दोन टोल्यांच्या मधे स्नायू मोकळे होतात. पेटीतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खात सतत वाहते, सोडतच नाही. धुऱ्यावरची तार दोन्हीकडे तीच. म्हणून झटका मशीनच्या नावाखाली घरच्या घरी बनवलेला डबा जोडू नका. प्रमाणित यंत्र घ्या, त्याचा अर्थ वेगळा घ्या, पाट्या लावा. सौर कुंपणाला सरकारचे अनुदानही मिळते; आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा.

फासाबद्दल मात्र आम्हाला काही समजून घ्यायचे नाही. मोटारसायकलची क्लच वायर घेऊन तिचा फास करून रानात लावतात. लावला डुकरासाठी, अडकते काहीही. टिपेश्वरच्या जंगलात गळ्यात तार रुतलेली वाघीण फिरत होती, ती बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. त्याच टिपेश्वरातून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ शेते, रस्ते, नाले ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत १३०० किलोमीटर चालत गेला. वाटेत किती धुरे लागले असतील ते मोजा.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे, ‘सर, माणसासाठी काहीच नाही का मग?’ आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. फेज आणि न्यूट्रलच्या तारा त्याच्या आतल्या एका कड्यातून जातात. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह सारखा असेल तर कडे शांत. ३० मिलिअॅम्पिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुणाच्या तरी अंगातून नाहीतर जमिनीत जाते आहे, की कड्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या वेढ्यांत प्रवाह उत्पन्न होतो आणि बटण पडते, सेकंदाच्या अंशात. एमसीबी म्हणजे हे नव्हे. एमसीबी फ्यूजचाच भाऊ. आरसीसीबीवर चाचणीचे एक छोटे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे.

घरात बसवा, विहिरीच्या पेटीतही बसवा. आणि त्याच्या पुढून कुणी धुऱ्याच्या तारेला वीज जोडली तरी ती टिकणार नाही. पावसाळ्यातले ओले गवत तारेला टेकले की बटण पडेल, आणि पुन्हा वर केले की पुन्हा पडेल.