मराठी घर, हिंदी वर्ग आणि मोबाइल

संमिश्र अध्ययन आणि मोबाइल-अध्ययन या संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. वस्तुतः पहिली शिकवण्याच्या मांडणीचे नाव आहे, तर दुसरी साधनाचे. वर्गातील अध्यापन आणि वर्गाबाहेर ऑनलाइन होणारा अभ्यास यांची शिक्षकाने विचारपूर्वक घातलेली सांगड म्हणजे संमिश्र अध्ययन. मोबाइल-अध्ययनात विद्यार्थी हाताशी असलेल्या फोनवर सवडीनुसार शिकतो आणि त्यामागे वर्ग असतोच असे नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मध्य प्रदेशाने ही दोन्ही रूपे पाहिली. ‘डिजिलेप’ उपक्रमातून व्हॉट्सअ‍ॅप गटांवर धडे पोहोचू लागले, ते मोबाइल-अध्ययन. मात्र घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर शेतात गेला की धडाही त्याच्याबरोबर जाई. जुलैपासून ‘हमारा घर हमारा विद्यालय’ या योजनेत पाठ्यपुस्तक, रेडिओ, मोबाइल आणि शिक्षकांचा संपर्क एकत्र आणण्यात आले, म्हणून ती संमिश्र अध्ययनाच्या अधिक जवळची ठरते.

मध्य प्रदेशातल्याच पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत या तुलनेला भाषेचा आणखी एक पदर आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा मानावा लागतो. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेले आणि २०२३ मध्ये पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात आलेले हे तालुके संत्र्यांचे व कापसाचे; येथे असंख्य घरांत मराठी बोलली जाते, शाळेचे प्रमुख माध्यम मात्र हिंदी आहे. हिंदी गणितातील ‘भिन्न’ म्हणजे मराठीतील अपूर्णांक, पण मराठी कानाला त्याचा अर्थ ‘वेगळे’ असा लागतो. हिंदीतील ‘समकोण’ म्हणजे काटकोन, पण मराठी मुलाला तो ‘समान कोन’ वाटू शकतो. हिंदीतील चित्रफीत कितीही सुबक असली, तरी समोरच्या मुलाचा गोंधळ तिला दिसत नाही.

महाराष्ट्राच्या बालभारतीची मराठी पाठ्यपुस्तके आज मोबाइलवर उपलब्ध असल्यामुळे राज्याची सीमा न ओलांडताही मराठी संज्ञा या मुलांपर्यंत पोहोचू शकतात, आणि हे मोबाइलचे मोठेच देणे आहे. तथापि कोणते पान केव्हा उघडायचे हे शिक्षकाने ठरवले, तरच त्याचा वर्गाशी सांधा जुळतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, तेव्हा फोन पुस्तकाच्या नेमक्या पानाशी बांधला गेला. सौंसरच्या वर्गात तर याहून साधी सुरुवात शक्य आहे: मुलांनी घरी मराठी पान वाचून यावे आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी फळ्यावर ‘भिन्न’ व ‘अपूर्णांक’ शेजारी लिहून दोन्हींखाली तीच अर्धी भाकरी काढावी.