बाळाचे दुपटे : सोपा नमुनाच का निवडावा?



आमच्या प्रसूती विभागातून घरी जाणाऱ्या गरजू मातेच्या हाती बाळासोबत एक मऊ, स्वच्छ दुपटे द्यावे, असा आमचा प्रघात आहे. हा उपक्रम सर्वस्वी आपल्यासारखे देणगीदार आणि घरी बसून शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांच्या साहाय्यावर चालतो. ‘दुपटे कोणत्या नमुन्याचे शिवावे?’ हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. त्याचे सविस्तर उत्तर आजवर आम्ही लेखी दिले नव्हते. ती उणीव प्रस्तुत लेखात भरून काढत आहोत.

एका अनुभवाने या लेखाची निकड आम्हांस जाणवली. एका भगिनीने त्रिकोणी तुकडे जुळवून, आत पिंजलेला कापूस भरून आणि कडेला चमकी लावून एक अतिशय देखणी गोधडी आमच्याकडे पाठविली होती. त्यामागे त्यांचे कित्येक महिन्यांचे श्रम होते. परंतु येथे आलेले प्रत्येक वस्त्र बाळाला देण्यापूर्वी गरम पाण्यात धुतले जाते. त्या पहिल्याच धुण्यात आतील कापसाचे गोळे झाले, रंग उतरला आणि चमकी सुटू लागली. ती गोधडी आम्ही कोणत्याही बाळाला देऊ शकलो नाही. दोष त्या भगिनीचा नव्हता. काय हवे आहे, हे आम्हीच आधी सांगावयास हवे होते.

वेळेआधी आलेला पाहुणा

आपल्याकडे अनेक घरांत बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे कपडे घेत नाहीत. बाळंतविडा होतो तो बारशाला. तोपर्यंत आजीचे जुने, धुऊन मऊ झालेले लुगडे उपयोगी पडते. ही रीत शहाणपणाची आहे. मात्र ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच बाळ जन्मले, गावाकडून धावपळीत मातेला येथे आणावे लागले, तर ते जुने लुगडेही हाताशी नसते. अशा वेळी दुपटे कपाटात तयार असावे लागते. पुढील महिन्यात पूर्ण होणाऱ्या सुंदर गोधडीचा आज जन्मलेल्या बाळाला उपयोग नाही.

नवजात बाळाला थंडी का बाधते, हेही समजून घेणे आवश्यक आहे. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा विस्तार मोठा असतो, त्यामुळे शरीरातील उष्णता झपाट्याने निघून जाते. मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करणे त्याला जमत नाही. ते काम त्याच्या शरीरातील विशिष्ट तपकिरी चरबी करते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती फारच थोडी असते. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ते उतरले की बाळ मलूल होते, अंगावर पिणे मंदावते आणि वाढीसाठी लागणारी शक्ती ऊब टिकविण्यातच खर्च होते. जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बाळांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. अशा बाळासाठी पहिली ऊब आईच्या उघड्या छातीची. ‘कांगारू माता काळजी’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली, अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या बाळांसाठी ही काळजी जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी, अशी शिफारस केली आहे. दुपटे या उबेची जागा घेत नाही. ते आई व बाळ या दोघांवरून पांघरावयाचे आणि पुढे घरच्या वाटेवर उपयोगी पडावयाचे असते.

नमुन्याची निवड

मराठीत पांघरुणांची नावेच त्यांचे थर सांगतात. दोन पदरांचे ते दुपटे, चार पदरांची ती चौघडी. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून, जवळजवळ धावदोरा घालून होणारी जाड गोधडी किंवा वाकळ ही मोठ्या माणसांची. बाळाला ती जड होते, लवकर वाळत नाही आणि शिवावयास दिवसेंदिवस लागतात.

आमच्या अनुभवाने सर्वांत योग्य नमुना उभ्या पट्ट्यांचा. त्याचे कारण साध्या हिशेबाने ध्यानात येईल. ३६ इंच लांब-रुंद दुपट्यासाठी सहा पट्ट्या पुरतात आणि त्या जोडण्यास प्रत्येकी सुमारे एक वाराच्या पाचच सरळ शिवणी घालाव्या लागतात. तेवढ्याच आकारात नऊ मोठे चौकोन जोडले, तर सहा आखूड व दोन लांब अशा आठ शिवणी होतात. सहा इंचांचे छत्तीस चौकोन घेतले, तर तीस आखूड व पाच लांब, म्हणजे पस्तीस. त्यातील प्रत्येक चौकोन दोन त्रिकोणांचा करावयाचा म्हटले, तर आणखी छत्तीस शिवणी वाढून संख्या एकाहत्तरवर जाते. शिवाय त्रिकोणाची तिरपी कापलेली कड ताणली जाऊन कापड वेडेवाकडे होते. चौकोनांत कोपऱ्याला कोपरा जुळवावा लागतो. पट्ट्यांत तोही प्रश्न उद्भवत नाही, त्यामुळे नवशिक्या हातालाही हा नमुना साधतो.

प्रत्येक शिवण ही उसवण्याची एक जागा असते. रुग्णालयात आणि घरी वारंवार धुतल्या जाणाऱ्या वस्त्रात शिवणी जितक्या कमी, तितके ते अधिक टिकते. यास्तव आम्ही सोपा नमुना सुचवितो, तो केवळ झटपट होतो म्हणून नव्हे. बाळाच्या दृष्टीनेही तोच अधिक हिताचा आहे. सौंदर्य रंगांच्या निवडीत आणावे. एक फिकी पट्टी, एक गडद पट्टी, एवढ्याने दुपटे खुलते.

कापड आणि शिवण

कापड सुतीच असावे. मलमल, मऊ खादी, फ्लॅनेल किंवा वापरून मऊ झालेले लुगडे चालेल. नायलॉन, टेरिकॉट, जर, आरसे, मणी, बटणे, लेस व चमकी कृपया वापरू नये. नवे कापड कापण्यापूर्वी धुऊन घ्यावे, म्हणजे खळ जाते, कापड आटावयाचे तेवढे आधीच आटते आणि रंग जाणारा असल्यास तेव्हाच कळतो. आत सुटा कापूस भरू नये.

साडेसहा इंच रुंद व साडेछत्तीस इंच लांब अशा सहा पट्ट्या कापाव्यात. प्रत्येक शिवणीत पाव इंच कापड घ्यावे. खालच्या पदरासाठी आणि मधल्या थरासाठी साडेछत्तीस इंचांचा एकेक अखंड चौकोन घ्यावा. चांगल्या स्थितीतील एका पाचवारी सुती साडीतून असे चार चौकोन निघतात. उन्हाळ्याच्या दिवसांत मधला थर वगळावा.

प्रथम मधला थर पसरावा. त्यावर खालचा पदर सुलट बाजू वर करून आणि त्यावर पट्ट्यांचा पदर सुलट बाजू खाली करून ठेवावा. चारी बाजूंनी शिवण घालताना एका बाजूस सहा इंच जागा मोकळी सोडावी, तेथून दुपटे उलटवावे व ती जागा बंद करावी. असे केल्याने कापडाच्या दसड्या आतच राहतात. हे महत्त्वाचे आहे, कारण सुटा दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेल्यास तेथील रक्तप्रवाह थांबू शकतो. शेवटी कडेने एक आणि पट्ट्यांच्या जोडांवरून पाच शिवणी सर्व थरांतून घालाव्यात. हाताने शिवत असल्यास धावदोऱ्याचे टाके बारीक असावेत. टाचण्या लावताना मोजाव्यात आणि काढल्यावर पुन्हा मोजाव्यात.

मशीनची सवय असलेल्या हाताने असे दुपटे एका दुपारीत पूर्ण होते.

घरी नेल्यानंतर

बाळाच्या कुटुंबीयांस विनंती की, दुपट्याने बाळाचे नाक व तोंड कधीही झाकू नये. बाळाला उताणे झोपवावे आणि झोपेत सैल पांघरूण तोंडावर येणार नाही, याची दक्षता घ्यावी. गुंडाळताना पाय ताणून घट्ट बांधू नयेत. गुडघे वाकवून पाय हलविता यावेत, अन्यथा खुब्याच्या सांध्यास अपाय होण्याचा संभव असतो. दुपटे साध्या साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे. बाळाचे अंग गार लागल्यास किंवा ते पिईनासे झाल्यास पांघरुणे वाढवीत बसू नये. बाळाला छातीशी धरून तत्काळ रुग्णालयात आणावे.

विनंती

देणगीदारांनी सुती कापड द्यावे, ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी एक दुपार द्यावी आणि ज्यांच्या कपाटात कोणाची आठवण म्हणून जपलेले सुती लुगडे आहे, त्यांनी मन होईल तर तेही द्यावे. मधल्या थरातील ते लुगडे कोणाला दिसणार नाही. परंतु बाळाच्या अंगाला ऊब त्याचीच लागेल. आपल्या हातून होणारे दुपटे कलाकुसरीचे नसले तरी चालेल. ज्या रात्री बाळ येईल, त्या रात्री ते कपाटात तयार असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.