शिडातली पट्टी आणि बाथरूममधला वजनकाटा

मुंबई बंदरात शर्यतीच्या होड्या पाहिल्यात? त्यांच्या शिडांत आडव्या पट्ट्या घातलेल्या दिसतात. त्यांना बॅटन म्हणतात. कल्पना जुनीच, चिनी जंक जहाजांच्या शिडांत बांबूच्या बॅटन असत. आता बहुतेक फायबरग्लासच्या, पैसे असतील तर कार्बनच्या.

शिडाची मागची कड सरळ रेषेच्या बाहेर फुगवून कापली की क्षेत्रफळ वाढतं. पण नुसतं कापड तिथे टिकत नाही, दुमडतं, फडफडतं आणि लवकर फाटतं. बॅटन तो भाग पेलते. लेझर होडीत मागच्या कडेला तीन आखूड बॅटन असतात. होबी १६ या कॅटमरानमध्ये मात्र त्या डोलकाठीपासून मागच्या कडेपर्यंत जातात, आणि तिथे बॅटनचा बाक तोच शिडाचा बाक.

मग बॅटन किती कडक हवी? दुकानात 'मऊ' आणि 'कडक' एवढंच ऐकायला मिळतं. आपण इंजिनिअर मंडळी, आपल्याला आकडा पाहिजे! त्यासाठी बाथरूममधला वजनकाटा पुरतो. बॅटन काट्यावर उभी धरायची आणि वरून हळूहळू दाबायची. एका क्षणी ती वाकते, आणि पुढे कितीही दाबा, आकडा फारसा वाढत नाही. हाच सेकंड इयरला पाठ केलेला ऑयलरचा बकलिंग लोड, बरं का! जाडी १० टक्के कमी केली तर तो सुमारे २७ टक्के उतरतो (जाडीचा घन). लांबी १० टक्के कापली तर सुमारे २३ टक्के चढतो. म्हणून लांब बॅटन कापून आखूड कप्प्यात घालताना सावध. ती आधीची राहत नाही.

वाकलेली असतानाच बाक कुठे खोल आहे तेही बघून घ्या. चांगली बॅटन एका टोकाला पातळ होत जाते आणि बाक त्या बाजूला सरकतो. ते टोक डोलकाठीकडे. उलटी घातली तर शिडाचं पोट मागे जातं, आणि होडी पुढे जायच्या ऐवजी कलतच राहते. जोराच्या वाऱ्याला कडक, मंद वाऱ्याला मऊ, हा ढोबळ हिशेब.

बसवताना आखूड बॅटन कप्प्यापेक्षा किंचित लहान ठेवा आणि टोकांना प्लॅस्टिकची टोपी घाला, नाहीतर शिवण उसवते. पूर्ण लांबीची बॅटन दोरीने ताणायची, कप्प्यावरच्या उभ्या सुरकुत्या जाईपर्यंत, त्यापुढे नाही. मंद वाऱ्यात जास्त ताणलेली बॅटन वळण घेतल्यावर दुसऱ्या बाजूला पलटतच नाही, शीड उलट्या पोटाने बसून राहतं आणि मागचे पुढे निघून जातात.

फायबरग्लास घासायचा असेल तर ओल्या पॉलिश पेपरनेच, हातमोजे आणि मास्क घालून. त्याची कुसळं बोटात गेली तर दोन दिवस पेन धरवत नाही. आणि किनाऱ्यावर आल्यावर दोऱ्या सैल करायच्या, म्हणजे रात्रभर ताणात राहून बॅटनला कायमचा बाक येत नाही.