कार-टी उपचार: तुमच्या पेशी प्रयोगशाळेत कशावर वाढतात?

कार-टी उपचारासाठी रक्तातून टी पेशी काढून घेतल्या की पुढचे तीन-चार आठवडे रुग्णाला आणि घरच्यांना वाट पाहावी लागते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून तयार झालेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तेव्हापासून हा प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो: एवढे दिवस त्या पेशी बाहेर जगतात कशा?

नुसत्या पोषक द्रवावर त्या जगत नाहीत. टी पेशींना 'जगा, वाढा' असा निरोप सतत मिळावा लागतो. शरीरात हे काम सायटोकाइन नावाची प्रथिने करतात. त्यांतले इंटरल्यूकिन-२ हे १९७६ मध्ये सापडले. सुरुवातीला ते मानवी पेशींपासून मिळवावे लागे, तेही अगदी थोडे. १९८३ मध्ये जपानमधील तादात्सुगु तानिगुची यांच्या गटाने त्याचे जनुक वेगळे केले. आता ते जनुक जिवाणूंमध्ये घालून हे प्रथिन हवे तेवढे तयार करता येते. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर तेही अशाच तंत्राने बनलेले असते. काही ठिकाणी इंटरल्यूकिन-७ आणि १५ वापरतात, कारण इंटरल्यूकिन-२ चा मारा जास्त झाला तर पेशी लवकर थकतात.

"जिवाणूंपासून बनवलेले हे प्रथिन रुग्णाच्या अंगात जाणार का?" ही भीती स्वाभाविक आहे. पेशी रुग्णाला देण्यापूर्वी धुतल्या जातात, त्यामुळे उरलाच तर त्याचा अगदी सूक्ष्म अंश उरतो. पेशींमध्ये जंतू किंवा जिवाणूंचे विषारी अंश नाहीत ना, हेही तपासले जाते. या तपासण्यांनाही वेळ लागतो. उशीर झाला म्हणजे काही बिघडले असे समजू नका.

एक सावधगिरी मात्र हवी. फक्त संशोधनासाठी विकल्या जाणाऱ्या इंटरल्यूकिनच्या बाटल्या औषध नव्हेत. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून कोणी दिल्या तरी घेऊ नका. जास्त मात्रेत इंटरल्यूकिन-२ मुळे रक्तदाब घसरतो, फुप्फुसांत पाणी साचू शकते. कर्करोगावर ते औषध म्हणून दिले जाते तेव्हाही रुग्णालयात, बारीक लक्ष ठेवूनच.

पेशी दिल्यानंतर ताप आला तर तो बहुधा प्रयोगशाळेतल्या प्रथिनामुळे नसतो. नव्या पेशी कर्करोगावर तुटून पडल्या की शरीरातच सायटोकाइनचा पूर येतो. हा त्रास बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतो आणि रक्तदाब किंवा श्वासापर्यंत पोहोचू शकतो. इंटरल्यूकिन-६ चा परिणाम रोखणारे टोसिलिझुमॅब यावर उपयोगी पडते, पण ते वेळेवर मिळायला हवे. शिवाय हा ताप संसर्गाचाही असू शकतो. म्हणून १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, धाप, चक्कर, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी उपचार केंद्राला फोन करा.