शिखराविना सापडलेला कण

नवा कण सापडला म्हणजे प्रयोगाच्या आलेखात कुठेतरी शिखर दिसलं, अशी आपली समजूत असते. सिग्मा मेसॉनने ती मोडीत काढली. शून्य फिरकीच्या आणि आरशातल्या उलटापालटीत चिन्ह न बदलणाऱ्या, म्हणजे अदिश, मेसॉनांतला हा सगळ्यात हलका. एका सेकंदाचे एकावर चोवीस शून्यं इतके भाग केले, तर त्यातल्या जेमतेम एका भागात तो फुटून दोन पायॉन, म्हणजे त्याहून हलके मेसॉन, उरतात. आयुष्य इतकं तोकडं, की अनिश्चिततेच्या नियमाने त्याचं वस्तुमान पसरतं, आणि तो पसारा वस्तुमानाहूनही मोठा भरतो. शिखर दिसणार कुठून? कणांची नोंद ठेवणाऱ्या ‘पार्टिकल डेटा ग्रुप’च्या यादीतून सत्तरच्या दशकात त्याचं नाव गळलं. १९९६ मध्ये ते परत आलं, पण वस्तुमानाच्या रकान्यात ४०० ते १२०० एमईव्ही (कणांचं वस्तुमान या ऊर्जेच्या एककात मोजतात)! पत्ता विचारावा आणि कुणी नुसता जिल्हा सांगावा, तसं हे.

हा घोळ जास्त ताकदीच्या यंत्राने मिटवला नाही, सिद्धांताच्या शिस्तीने मिटवला. पूर्वी जो तो आपल्या मोजमापांवर सोयीचं सूत्र बसवायचा. सूत्र बदललं की वस्तुमान बदललं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या एस. एम. रॉय यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या समीकरणांत असल्या सोयीला फारशी जागा नव्हती. परिणाम कारणाआधी घडत नाही. सगळ्या शक्यतांची बेरीज एकच भरते. येणाऱ्या कणाच्या जागी जाणारा प्रतिकण धरला तरी गणित तेच राहतं. एवढ्यावरून एका ऊर्जेला होणारी पायॉनांची टक्कर इतर सगळ्या ऊर्जांच्या टकरींशी बांधली जाते. एका टोकाला आकडा ओढला की दुसरीकडे ताण पडतो. कॅप्रिनी, कोलान्जेलो आणि लॉइटवायलर यांनी २००६ मध्ये ही समीकरणं वापरून संमिश्र संख्यांच्या प्रतलात सिग्माचा ध्रुव, म्हणजे टकरीचं गणित जिथे अनंताला जातं तो बिंदू, नेमका गाठला: वास्तव भाग, म्हणजे वस्तुमान, ४४१ एमईव्ही; काल्पनिक भाग २७२, म्हणजे त्याच्या दुप्पट, ५४४, ही पसाऱ्याची रुंदी. २०१२ च्या यादीत वस्तुमानाची नोंद ४०० ते ५५० एवढी आवळली गेली.

काल्पनिक संख्या कुणी मोजत नाही, मग हा कण कागदावरचाच नाही का? उलट, फसवा असतो तो आलेखाचा आकारच. सिग्माच्याच कुटुंबातला ९८० एमईव्हीजवळचा कण पायॉनांच्या टकरीत खड्डा पाडतो, आणि जे-साय कणाच्या एका क्षयात शिखर उभं करतो. ध्रुव मात्र दोन्हीकडे तोच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोजमापं होतात त्या वास्तव संख्यांच्या रेषेपासून इतक्या लांबचा अंदाज बांधताना चूक फुगत नाही का? मनमानी सूत्राने फुगतेच. म्हणूनच त्या तिघांनी, ध्रुव जिथे आहे तिथवर समीकरणं लागू पडतात, हे आधी सिद्ध केलं.

महासंगणकावर क्वार्कांचे मूळ नियम सोडवणाऱ्यांनाही हाच अनुभव आला. २०१७ च्या गणितात पायॉन मुद्दाम ३९१ एमईव्हीचा जड घेतला, तेव्हा सिग्मा स्थिर बांधलेला कण निघाला. २३६ चा घेतला तेव्हा तो पसरला, आणि ध्रुवाची जागा पुन्हा सूत्रागणिक हलू लागली. २०२३ मध्ये त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी आकडे रॉय यांच्या धर्तीच्या समीकरणांतून गाळले, तेव्हा कुठे ती थाऱ्यावर आली.